जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला कोणते तेल? कंपनीचे मूळ तेल सहज मिळत नसताना पर्याय कसा निवडावा

हिंजवडीकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची टोयोटा कोरोला आहे. इंजिन १.८ लिटरचे पेट्रोल, गिअरबॉक्स चार गतींचा ऑटोमॅटिक. मी गाडीचा दुसरा मालक. पहिल्या मालकांनी इंजिनाच्या सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये व्यवस्थित लावून दिल्या होत्या, पण गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची एकही नोंद त्यांत सापडली नाही. काट्यावर आता एक लाख तीस हजार किलोमीटर झाले आहेत.

तक्रार अशी, की गाडी ताशी ५५ ते ६५च्या वेगात असताना आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना दोन-तीन सेकंद थरथरते. रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून चाक गेल्यासारखे वाटते. पाय जोरात दाबला की थरथर नाहीशी होते. शिवाय गाडी पूर्ण तापल्यावर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना किंचित झटका बसतो.

तेल बदलायचे हे ठरले आहे, पण कोणते घालायचे यावर तीन ठिकाणी तीन मते मिळाली. घराजवळच्या गॅरेजमधील मिस्त्री म्हणतात, ‘लाल तेल ते लाल तेल, डेक्स्रॉन-थ्री घालू’. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने सर्व कंपन्यांच्या गाड्यांना चालणारे म्हणून एक तेल पुढे केले. तिसऱ्या एका परिचितांनी सांगितले, की इतक्या जुन्या गिअरबॉक्सच्या तेलाला हातच लावू नका, नाहीतर आहे तेही बंद पडेल. कंपनीचे मूळ तेल मागवावे लागते आणि कधी येईल ते दुकानदाराला सांगता येत नाही. बाजारातला पर्याय कोणत्या कसोट्यांवर निवडावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

वंगणरसायन

तुमच्या तिन्ही सल्लागारांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण तिघांनीही मूळ प्रश्न बाजूला ठेवला आहे. मी वंगण तयार करणाऱ्या उद्योगात दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे थोडे मुळापासून लिहितो.

इंजिन ऑइलचे मुख्य काम घर्षण कमी करणे हे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे काम याहून फार अवघड आहे. गिअर, बेअरिंग आणि पंप यांच्यासाठी त्याला घर्षण कमी करावे लागते, तर क्लच प्लेटांवर त्याच तेलाला नेमके ठरवून दिलेले घर्षण टिकवावे लागते. शिवाय तेच तेल व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागात) दाब पोहोचवते, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून शक्ती वाहून नेते आणि उष्णता बाहेर काढते. प्लेटा एकमेकींवर घसरत असताना घर्षण किती आणि त्या पकडण्याच्या क्षणी किती, या दोन आकड्यांचे नाते गिअरबॉक्स बनवणारा आधी ठरवतो, आणि मग प्लेटांचा कागदी थर, स्प्रिंगा व दाब त्यानुसार आखतो. म्हणून प्रत्येक कंपनीचे तेल वेगळे.

फोर्डचे जुने टाइप-एफ तेल हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. त्यात घर्षण मवाळ करणारी रसायने घातलेलीच नव्हती, त्यामुळे क्लच झटकन आणि कडक पकडत. जनरल मोटर्सचे डेक्स्रॉन याच्या उलट, गिअर मऊपणे पडावा म्हणून मवाळ केलेले. दोन्ही तेले लाल आणि दोन्ही हाताला सारखीच लागतात. लाल रंग हा वेगळा घातलेला रंगच आहे. गळती झाली तर ती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे लगेच कळावे एवढाच त्याचा उपयोग. झेडएफ कंपनीच्या आठ गतींच्या गिअरबॉक्सचे तेल तर हिरवे असते. तेव्हा रंगावरून तेल निवडणे हा मार्ग पहिल्यांदा सोडून द्यावा.

आता तुमच्या गाडीविषयी. तुम्ही वर्णन केलेली थरथर ही टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची नेहमीची खूण आहे. कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा हा क्लच हलक्या भारावर हळूहळू पकडतो आणि तेव्हा प्लेट थोडी घसरतच असते. घसरण्याचा वेग कमी होत जाईल तसे घर्षणही थोडे कमी होत गेले, तर पकड गुळगुळीत बसते. तेल जुने होऊन त्यातील घर्षण सुधारणारी रसायने झिजली, की कमी वेगाला घर्षण उलट वाढते, मग प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते, आणि तीच थरथर तुम्हाला सीटखाली जाणवते. याचा अर्थ तुमच्या बाबतीत तेलाचा घर्षणगुण हाच कळीचा मुद्दा आहे, आणि लाल तेल म्हणून काहीही घालणे नेमके इथेच अंगाशी येईल.

त्या वर्षांतील कोरोलाला टोयोटाने टाइप टी-फोर हे तेल सांगितले आहे. डब्यावर ‘फोर’ रोमन आकड्यात असतो. आधी गाडीचे मॅन्युअल आणि डिपस्टिक पाहा. टोयोटाच्या त्या काळातील बऱ्याच गाड्यांच्या डिपस्टिकवर तेलाचे नाव कोरलेले असते. ते कळवा, मग पर्यायांकडे वळू.

कोल्हापूर_गिअरबॉक्स

नमस्कार साहेब. आमचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्याचेच काम आहे. तेल कोणते घालायचे हे ठरवण्याआधी आत असलेले तेल काय सांगते ते वाचून घ्या, कारण काही गाड्यांत तेल बदलून पैसे वाया जातात.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागेवर उभी करा, इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर सर्व जागांवरून एकदा फिरवून परत पी वर आणा आणि मग डिपस्टिक काढा. टोयोटात पातळी इंजिन चालू असताना आणि तेल गरम असतानाच पाहायची असते. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर पडू द्या आणि थोडा वेळ थांबा. डाग गुलाबी किंवा तपकिरी लाल होऊन सारखा पसरला, तर तेल जुने असले तरी जळलेले नाही. मध्यभागी काळा गोळा राहिला आणि कडेला फिकट तेल पसरले, तर क्लचचा भुगा तेलात आहे. नंतर वास घ्या. जळलेल्या ब्रेक लायनिंगसारखा करपट वास आला आणि गाडी चढावर आवाज करूनही ओढत नसेल, तर प्लेटा गेलेल्या आहेत. तिथे कोणतेही तेल कामाचे नाही.

‘जुन्या तेलाला हात लावू नका’ हा सल्ला अशाच गाड्यांवरून आला आहे. माणूस गाडी घसरायला लागल्यावर तेल बदलायला येतो, आठवड्याने गिअरबॉक्स बंद पडतो आणि दोष नव्या तेलावर जातो. प्लेटा आधीच संपलेल्या असतात.

हिंजवडीकर (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. डिपस्टिकवर टाइप टी-फोर हे नाव स्पष्ट वाचता येते. टिश्यूवरचा डाग गडद तांबूस आहे, सारखा पसरला आहे, मध्ये काळे काही नाही. करपट वास नाही. गाडी चढावर व्यवस्थित ओढते. पातळी गरम खुणेच्या खालच्या रेघेवर आहे.

आता प्रश्न दुकानदाराच्या ‘सर्व गाड्यांच्या’ तेलाचा. त्याच्या डब्याच्या मागे डेक्स्रॉन-थ्री, डेक्स्रॉन-सिक्स, टी-फोर, टोयोटा डब्ल्यूएस, होंडा झेड-वन, ह्युंदाई एसपी-थ्री, एसपी-फोर अशी लांबलचक यादी आहे. हे खरोखर शक्य असते का?

वंगणरसायन

तपासणीचा निकाल चांगला आहे. आता यादीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीचे बरेवाईट या यादीच्या वाचनावर ठरते.

पहिली गोष्ट, यादीच्या वरचा शब्द पाहा. तेलकंपन्या आपल्या माहितीपत्रकात तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे दावे करतात. एक, गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याची लेखी मान्यता आहे आणि तिचा परवाना क्रमांक छापलेला आहे. दोन, तेल त्या मानकाच्या कसोट्या पूर्ण करते असे तेलकंपनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते. तीन, तेल अमुक गाड्यांत वापरण्यास योग्य आहे असे फक्त सुचवते. दुकानात दिसणाऱ्या लांब याद्या बहुधा तिसऱ्या पातळीच्या असतात. तो दावा खोटाच असतो असे मी म्हणणार नाही, नामांकित कंपन्या त्यामागे चाचण्या करतात, परंतु तो मान्यतेच्या तोडीचा नाही.

दुसरी गोष्ट दाटपणाची. टी-फोर तेल १०० अंश सेल्सिअसला सुमारे ७ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) दाट असते, तर टोयोटाचे नंतरचे डब्ल्यूएस तेल सुमारे साडेपाच. टोयोटा स्वतः सांगते की ही दोन तेले एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मग एकच डबा दोघांच्या जागी चालतो असे म्हणत असेल, तर त्यातील तेलाचा दाटपणा एकच काहीतरी असणार, आणि तो दोघांपैकी निदान एकापासून तरी दूर असणार. तेलकंपनी बहुधा मधला, सहाच्या आसपासचा आकडा निवडते. नव्या, घट्ट गिअरबॉक्सला हे चालून जाते. सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडीची भोके आणि पंपाच्या फटी थोड्या रुंदावलेल्या असतात. तिथे पातळ तेल अधिक निसटते, गरम असताना दाब कमी पडतो आणि क्लच उशिरा भरतो. गरम गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये आधीच झटका असलेल्या गाडीसाठी मी मूळ दाटपणाच्या जवळचे तेल शोधेन. तेलाचा १०० अंशाचा आकडा प्रत्येक जबाबदार कंपनीच्या माहितीपत्रकावर असतो. जिचे माहितीपत्रकच मिळत नाही, तिचे तेल घेऊ नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीचे मूळ मानक आज बहुतेकदा हयात नसते, तेव्हा त्याचा वारस कोणता, हे गाडीच्या कंपनीने स्वतः सांगितले आहे का, हे शोधावे. डेक्स्रॉन-थ्रीचे परवाने जनरल मोटर्सने २००६च्या अखेरीस बंद केले. आज बाजारात डेक्स्रॉन-थ्री म्हणून जे विकले जाते, त्याच्यामागे जनरल मोटर्सची कोणतीही तपासणी उरलेली नाही. डब्यातील तेल उत्तम असू शकते किंवा अगदी सामान्य. मात्र २००५ साली आणलेले डेक्स्रॉन-सिक्स आपल्या जुन्या डेक्स्रॉनच्या गाड्यांना चालते, असे जनरल मोटर्सने स्पष्ट सांगितले आहे. डेक्स्रॉन-सिक्स नवे असताना कमाल ६.४ सेंटिस्टोक असते, म्हणजे थ्रीपेक्षा पातळ, पण वापरातही ते साडेपाचच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. जुने तेल सुरुवातीला दाट असूनही वापरात बरेच पातळ होऊन जाई.

टोयोटाने टी-फोरचा वारस म्हणून डब्ल्यूएसला मान्यता दिलेली नाही. ह्युंदाईनेही एसपी-थ्रीच्या जागी एसपी-फोर घालण्यास मान्यता दिलेली नाही. होंडाने झेड-वनच्या जागी डीडब्ल्यू-वन चालते असे सांगितले आहे. क्रायस्लरने एटीएफ-प्लस-थ्रीच्या जागी प्लस-फोर स्वीकारले. म्हणजे ‘नवे ते जुन्याला चालतेच’ हा नियम प्रत्येक घराण्यात वेगळा निघतो.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी, की टी-फोर हे तेल आयसिन या गिअरबॉक्स कंपनीच्या जेडब्ल्यूएस ३३०९ या मानकाशी जोडलेले आहे. आयसिनचे गिअरबॉक्स व्होल्वो, फोक्सवॅगन, साब अशा अनेक कंपन्यांनी वापरले, त्यामुळे ३३०९चे तेल जगभर बनते. मोबिलचे एटीएफ ३३०९ हे त्यासाठीच बनवलेले आहे. आयसिन स्वतःच्या नावानेही तेल विकते. दुकानदाराला ‘टोयोटाचे तेल’ असे न विचारता ‘३३०९ मानकाचे तेल’ असे विचारा.

नाशिककर_सिव्हिक

होंडाविषयी भर घालतो. माझी सिव्हिक २००७ची आहे, पाच गतींची ऑटोमॅटिक. मॅन्युअलमध्ये झेड-वन लिहिले होते. आता डीडब्ल्यू-वनच मिळते आणि तेच घालतो. कसारा घाट नियमित असतो, गिअर पूर्वीपेक्षा मऊ पडतात.

मात्र होंडाच्या गिअरबॉक्सची रचना टोयोटापेक्षा निराळी आहे. इतरांकडे ग्रहमालेसारखी गिअरची मांडणी असते, होंडात मॅन्युअलप्रमाणे समांतर दांडे आणि प्रत्येक गिअरला स्वतंत्र क्लच. त्यामुळे होंडाच्या गाडीत दुसऱ्या घराण्याचे तेल मी कधीही घालणार नाही. पातळी पाहण्याची पद्धतही उलट: गाडी पूर्ण तापवून इंजिन बंद करायचे आणि त्यानंतर साधारण ६० ते ९० सेकंदांत डिपस्टिक पाहायची. टोयोटाच्या पद्धतीने इंजिन चालू ठेवून पाहिले तर पातळी कमी दिसते आणि माणूस विनाकारण तेल ओततो. जास्त तेल भरले की ते फिरत्या गिअरमध्ये घुसळून फेसाळते, हवा मिसळलेल्या तेलाने दाब धरत नाही आणि पुन्हा झटके सुरू होतात.

पुणे_आयटेन

माझ्या आईची ह्युंदाई आय१० आहे, १.२ लिटर, चार गतींची ऑटोमॅटिक. वर वाचून मॅन्युअल उघडले, त्यात एसपी-थ्री आहे. गॅरेजवाल्यांनी गेल्या सर्व्हिसला ‘आता एसपी-फोर येते, तेच चांगले’ असे सांगितले होते. सुदैवाने तेव्हा बदलले नव्हते. या दोन तेलांत इतका फरक आहे का?

वंगणरसायन

आहे. एसपी-फोर हे नंतरच्या सहा गतींच्या गिअरबॉक्ससाठी केलेले, अधिक पातळ आणि निराळ्या घर्षणगुणाचे तेल आहे. आय१०च्या चार गतींच्या गिअरबॉक्सची वंशावळ मित्सुबिशीकडे जाते, आणि एसपी-थ्री हे मुळात मित्सुबिशीचेच मानक. नावातील आकडा मोठा म्हणजे तेल वरच्या दर्जाचे असे नाही. एसपी-थ्रीला मान्यता असलेली किंवा त्याच्या कसोट्या पूर्ण करणारी पर्यायी तेले बाजारात सहज मिळतात, तेव्हा आईंच्या गाडीसाठी तडजोड करण्याचे कारणच नाही. मारुतीच्या एसएक्स४सारख्या चार गतींच्या गाड्या असणाऱ्यांनीही सुझुकीचे ३३१७ हे मानक पाहावे. नव्वदच्या दशकातील झेन ऑटोमॅटिक मात्र डेक्स्रॉन घराण्यातली.

मस्कतवासी

मूळचा साताऱ्याचा, गेली अनेक वर्षे ओमानमध्ये आहे. इथे पंधरा-वीस वर्षांच्या ऑटोमॅटिक गाड्या सर्रास चालतात आणि उन्हाळ्यात तापमान ४५च्या वर जाते. तेल निवडताना उष्णतेचा विचार करा अशी सर्वांना विनंती. तेलाचे तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम इथे रोज अनुभवास येतो. मे महिन्यात एसी चालू ठेवून घाट चढणारी किंवा सायन-पनवेलवर तासन्‌तास खोळंबणारी गाडी काही वेगळी नाही. शक्य असेल तिथे खनिज तेलापेक्षा पूर्ण सिंथेटिक तेल घ्यावे, मानक अर्थातच तेच.

दुसरी गोष्ट तेलाइतकीच महत्त्वाची आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. रेडिएटर आतून गंजला की कूलंट तेलात शिरते. डिपस्टिकवरचे तेल दुधट गुलाबी दिसले तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण कूलंटमधील ग्लायकॉल क्लच प्लेटांवरच्या कागदी थराचा गोंद सोडवते. पंधरा वर्षांच्या गाडीत नवे महागडे तेल घालण्यापूर्वी रेडिएटरचे वय विचारा. मूळ रेडिएटर असेल तर तो आधी बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

सिटी_झेडएक्स

माझी होंडा सिटी झेडएक्स सीव्हीटी आहे, २००५ची. सुटताना गाडी थरथरते. वरील चर्चेवरून डीडब्ल्यू-वन घालावे असे वाटते आहे. योग्य होईल का?

कोल्हापूर_गिअरबॉक्स

नाही, कृपया घालू नका. तुमची गाडी सीव्हीटी आहे. तिच्यात दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो आणि सगळी ताकद पोलादावर पोलादाच्या पकडीतून जाते. साध्या ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा पुलीवर घसरतो, पुलीवर चरे पडतात, आणि चरे पडलेली पुली दुरुस्त होत नाही. तुमच्या गाडीचे तेल होंडाचे मल्टिमॅटिक, म्हणजे एचएमएमएफ. त्या पिढीच्या सिटीत सुटण्यासाठी तेलात बुडालेला वेगळा स्टार्ट क्लच असतो, तुमची थरथर बहुतेक त्याचीच आहे, आणि योग्य तेल दोन-तीनदा बदलल्यावर ती पुष्कळदा कमी होते. २०१४नंतरच्या सिटीचे एचसीएफ-टू हे सीव्हीटी तेलही तुमच्या गाडीसाठी नाही. एचएमएमएफ मागवायला वेळ लागला तरी थांबा.

ज्यांच्याकडे एएमटी आहे, म्हणजे २०१४च्या सेलेरिओपासून आलेल्या गाड्या, त्यांचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो. त्यांना हा धागा लागू नाही.

गिरगावकर_जुन्या_गाड्या

आमच्या घरात साठच्या दशकातील शेवरले इम्पाला आहे, पॉवरग्लाइड गिअरबॉक्सची. तिच्या पुस्तकात टाइप-ए, सफिक्स-ए लिहिले आहे. आज काय घालावे?

वंगणरसायन

डेक्स्रॉन घराण्यातले तेल निःशंक घाला. टाइप-ए हे १९४९ सालचे पहिले मानक, सफिक्स-ए १९५७चे, आणि १९६७ साली आलेले डेक्स्रॉन त्यांचेच थेट वारस. त्या काळच्या तेलात घर्षण मवाळ करण्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल घालत असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या व्यापारावर बंदी आली आणि रसायनज्ञांना नवे घटक शोधावे लागले. त्या घाईत आलेल्या डेक्स्रॉन-टू-सीने तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांतील सोल्डरचा धातू खाल्ला, म्हणून गंजरोधक घालून टू-डी आणावे लागले. सिद्ध झालेल्या घटकाच्या जागी नवा घटक आला की त्याचे परिणाम गाडीच्या भलत्याच भागात कसे उमटतात, याचे हे मला नेहमी आठवणारे उदाहरण आहे.

तुमच्या गाडीत सील मूळचे आणि कडक झालेले असतील. फार पातळ तेल गळण्याची शक्यता अधिक, त्यामुळे मी स्वतः डेक्स्रॉन-थ्रीच्या दाटपणाचे, चांगल्या कंपनीचे तेल निवडेन. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बोर्ग-वॉर्नरचा ३५ नंबरचा गिअरबॉक्स असेल, तर त्याला मात्र टाइप-एफ घराणे लागते. तिथे डेक्स्रॉन घालू नये.

कोल्हापूर_गिअरबॉक्स

आता हिंजवडीकर साहेबांसाठी कामाची पद्धत. कोरोलाच्या चेंबरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट उघडला की साधारण तीन लिटर तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहते. एकूण साडेसात लिटर धरले, तर एका वेळी चाळीस टक्के तेल नवे होते. थोडी गाडी चालवून पुन्हा तसेच केले की चौसष्ट टक्के, तिसऱ्यांदा केले की अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या वर. मशीन लावून जोराने फ्लश करण्यापेक्षा जुन्या गिअरबॉक्ससाठी मी हीच पद्धत घेतो. तळाचा गाळ एकदम उसळून व्हॉल्व्ह बॉडीत जात नाही.

पहिल्या वेळी चेंबर खाली उतरवा. आत चुंबक असतात, त्यांच्यावर काळसर राखाडी, बोटांत चोळली तर लोण्यासारखी मऊ लागणारी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे चमकदार तुकडे असतील तर काम थांबवून मला फोटो पाठवा. फिल्टर आणि पॅकिंग नवे घाला. चेंबरचे बोल्ट फार हलके घट्ट करायचे असतात, लांब पाना लावून ताकदीने आवळले की पत्रा वाकतो आणि तिथूनच गळती सुरू होते. निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तितकेच नवे भरा, मग गरम करून पातळी पाहा.

एक काळजी आणखी. उघड्या ड्रममधून मिळणारे सुटे तेल घेऊ नका. सीलबंद डबा, बॅच क्रमांक, पक्के बिल, एवढे पाहाच. नकली डब्यांतील तेल मी गिअरबॉक्स उघडल्यावर पाहिले आहे, चिकट काळा लेप झालेला असतो.

हिंजवडीकर (धागाकर्ता)

काम सुरू केले, त्याची नोंद इथे ठेवतो. ३३०९ असे नेमके विचारल्यावर दुसऱ्या दुकानात माहितीपत्रकासह सीलबंद तेल मिळाले. माहितीपत्रकात टी-फोर आणि जेडब्ल्यूएस ३३०९ दोन्ही आहेत, आणि १०० अंशाचा दाटपणा सातच्या वर आहे. रेडिएटर मूळचाच होता. मस्कतवासी यांच्या सूचनेवरून तो आधी बदलला.

चेंबरमधील चुंबकांवर मऊ राखाडी पेस्ट होती, टोचणारे काही नव्हते. पहिल्या बदलानंतर ५५ ते ६५च्या वेगातील थरथर बरीच कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. गरम गाडीतला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका मात्र जवळपास तसाच आहे. दुसरा बदल किती अंतरानंतर करावा? आणि थरथर थांबवणाऱ्या ट्यूबमधील रसायन आताच घालावे का?

वंगणरसायन

रसायन घालू नका. त्या ट्यूबमध्ये घर्षण मवाळ करणारा घटकच असतो, आणि तुमच्या नव्या तेलात तो ठरलेल्या प्रमाणात आहे. वरून आणखी घातला तर लॉकअपची थरथर थांबेल, पण मुख्य क्लच अधिक वेळ घसरतील. अजून साठ टक्के तेल जुनेच आहे, तेव्हा निष्कर्ष काढण्याची ही वेळ नाही. पाचशे ते हजार किलोमीटर चालवून दुसरा बदल करा, त्याच तेलाने. मध्येच ब्रँड बदलू नका. पुढे दर ४० हजार किलोमीटरला एकदा तीन लिटर बदलत राहिलात तरी या गाडीला पुरे. तेल आयुष्यभराचे आहे या समजावर फार विसंबू नये. झेडएफसारखी गिअरबॉक्स कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे अशी मुदत सांगते.

कोल्हापूर_गिअरबॉक्स

झटक्याबद्दल मी सांगतो. तिसऱ्या बदलानंतरही तो राहिला, तर तेलाला दोष देऊ नका. या वयात सोलेनॉइडची (तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) जाळी चोंदलेली किंवा ॲक्युम्युलेटरची (क्लच पकडतानाचा दाब मऊ करणाऱ्या भागाची) स्प्रिंग व रबर थकलेले असते. दोन्ही कामे चेंबर उतरवून, गिअरबॉक्स गाडीतून न काढता होतात, म्हणून दुसरा कोणी पूर्ण ओव्हरहॉल सांगू लागला तर आधी एवढे तपासून घ्या. काढलेले तेल नाल्यात किंवा मोकळ्या जागेवर ओतू देऊ नका. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. गॅरेजकडे तसा ड्रम आहे का ते विचारा. दुसऱ्या बदलाच्या वेळी निघालेल्या तेलाचा टिश्यूवरचा डाग पहिल्या डागाशेजारी ठेवून फोटो इथे टाका, त्यावरून तिसरा बदल कधी करायचा ते ठरवू.